अर्ध्या तोंडाचं हसू

तुमच्यापैकी कुणी आज सकाळी चूळ भरायला गेलं असेल, पाणी तोंडाच्या एकाच कोपऱ्यातून अंगावर सांडलं असेल, आणि आरशात बघितल्यापासून पदर ओढून बसायची वेळ आली असेल, तर हे मी तुमच्यासाठी लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी माझी काही हरकत नाही. पण तुम्ही आधी तो पदर खाली घ्या. त्यातून वाचता येत नाही, मी करून बघितलंय.

मी काही डॉक्टर नाही. माझं नाव शालन. माहेर-सासर दोन्ही साताऱ्याकडचं, राहायला कोपरखैरण्याला, माथाडींच्या वसाहतीत. आमचे हे वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पोती उचलतात. मुलगी एकच, पिंकी. लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, नवससायास करून झालेली. हे सगळं झालं तेव्हा ती बालवाडीत होती. आणि माझी खरी ओळख सांगायची तर गल्लीत कुणाचीही हळद असो नाहीतर डोहाळजेवण, बायका म्हणायच्या, शालनला बोलवा गं, नकला करायला. भाजीवाला, रेशनवाला, आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, मी कुणालाच सोडायची नाही. तोंड वेडंवाकडं करण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. एका सकाळी देव म्हणाला, एवढी हौस आहे तर घे.

चूळ

पाणी डावीकडून सांडलं तेव्हा मला वाटलं, दाढ सुजली असेल. मग चहा घेतला, तोही हनुवटीवरून ओघळला. हे म्हणाले, "अगं, झोपेत आहेस काय अजून?" मी फाडकन काहीतरी बोलायला गेले तर शब्दातला 'म' निघेचना. ओठ मिटले तर 'म' येणार ना! यांनी माझ्याकडं नीट बघितलं आणि हातातली बशी खाली ठेवली. 

आरशात बघितलं. उजवी बाजू मी होते. डावी बाजू कुणीतरी खाली ओढून ठेवल्यासारखी. भुवई हलेना, डोळा मिटेना, ओठाचा कोपरा लोंबलेला. मी किंचाळले, तेही एकाच बाजूनं.

हे मला तसंच डॉक्टरकडं घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, डोळे मिटा. मी मिटले. "डावा मिटा." मिटलाय की, म्हटलं. "नाही मिटला." कपाळाला आठ्या घाला, गाल फुगवा, आणि मग म्हणाले, शीळ घाला. आता माझ्या जन्मात मला कुणी शीळ घालायला सांगितलं नव्हतं, तेही नवऱ्यादेखत. मी यांच्याकडं बघितलं. हे म्हणाले, "घाल की, डॉक्टर म्हणतायत तर." नुसतीच फुस्स हवा गेली.

डॉक्टर शांतपणे म्हणाले, मेंदूला काही झालेलं नाही, चेहऱ्याची नस सुजलीय, बऱ्याच जणांचं बरं होतं. कुणाचं लवकर, कुणाला महिने लागतात, काहींचं थोडं राहतं. एवढं सगळं चांगलं बोलले बिचारे, पण घरी येईपर्यंत माझ्या डोक्यात एकच शब्द राहिला, 'राहतं'. तरी एक ऐका माझं. त्याच दिवशी डॉक्टरकडं जा. वारं लागलंय, जाईल आपोआप, असं म्हणून घरात बसू नका.

आरसा

दुसऱ्या दिवशी मी मोरीतून आले तर भिंतीवरचा आरसा गायब. खिळा तेवढा उरलेला. यांनी तो काढून कपाटामागं लपवला होता, मला त्रास होऊ नये म्हणून. हा माणूस मनानं सोनं आहे, पण त्या दिवशी मी असा दंगा केला म्हणता! "म्हणजे मी बघण्यासारखी राहिले नाही, असंच ना?" यांनी आरसा कपाटामागून काढून पुन्हा खिळ्याला लावला. शेवटी म्हणाले, "तसं नाही गं. मला वाटलं, तू बघितलं नाहीस तर तुला आठवणार नाही."

चहाचं पण तसंच. शेजारच्या कांबळेवहिनींनी कोल्ड्रिंकच्या दुकानातून मला स्ट्रॉ आणून दिल्या. मी एकटीच नळीनं चहा पिते हे यांना बघवेना, म्हणून एका संध्याकाळी यांनीही एक स्ट्रॉ घेतली आणि गरम चहा ओढला. जीभ भाजली. दोन दिवस मार्केटात धड बोलता येईना, तिथल्या लोकांना वाटलं, घरात साथच आलीय.

घास

आता खरं दुखणं सांगते. गोळ्या, डोळ्यातले थेंब, डोळ्याला चिकटपट्टी, हे सगळं चालवून घेता येतं.

पिंकी जेवायला महाहट्टी. चिऊचा घास, काऊचा घास, असं म्हटल्याशिवाय तोंड उघडायची नाही. आणि नुसतं म्हणून चालायचं नाही, माझ्याकडून प्रत्येकाचं तोंड करून पाहिजे. चिऊला ओठांचा चंबू, म्हशीला लोंबता ओठ. मनीमांजर सगळ्यात लाडकी, तिला गाल वर, डोळे बारीक, नाक आखडून. एकेका घासाला ती खिदळायची.

त्या दिवसानंतर मी भात कालवून तिच्यासमोर बसले आणि मांजर करायला गेले. एकच बाजू वर गेली. पिंकीनं माझ्याकडं बराच वेळ बघितलं. मग डोळे घट्ट मिटून घेतले आणि तोंड उघडलं. डोळे न उघडता तिनं सगळा भात संपवला. हट्ट नाही, रडारड नाही. पुढं रोज तसंच. मी घास पुढं केला की डोळे बंद.

लोक म्हणायचे, पोर किती शहाणी झाली हो. मला त्यांना ताट फेकून मारावंसं वाटायचं. माझी नस बरी होवो न होवो, माझं लेकरू माझ्याकडं बघेना, यापलीकडं मला काही सुचत नव्हतं. हसलं की तोंड जास्तच वाकडं होतं, उजवा गाल सगळं आपल्याकडं ओढून नेतो. म्हणून मी हसायचंच सोडलं. हसू आलंच तर पदरात.

पाहुणा

तेवढ्यात गावाहून सासूबाई आल्या. त्यांना आम्ही आत्या म्हणतो. आत्यांनी आल्या आल्या निदान केलं. "खाडीचं वारं हाय हे. म्या तवाच म्हनलं हुतं, पान्याच्या कडंला घर घिऊ नगा." आणि इलाजही तयार. आमच्याकडं तोंडावरनं वारं गेलं की कबुतराचं ताजं रक्त चोळतात.

माझे दीर, संपतभावजी, दाणाबाजारात कामाला. तिथं शेठलोक रोज सकाळी कबुतरांना ज्वारी घालतात, शेकड्यानं कबुतरं. भावजींनी त्यातलंच एक पोत्याखाली धरलं, आणि कुणी शेठनं बघितलं तर उद्यापासून काम बंद, म्हणून रिकाम्या गोणीत घालून, गोणीशी बोलत बोलत घरी आणलं. "वहिनी, लई तरास दिलाय ह्यानं. आता तुमचं काम झालंच म्हणून समजा."

मी म्हटलं, "तोंड माझं आहे. रक्तबिक्त काही लावायचं नाही." आत्या म्हणाल्या, "आगं, आपल्या गावात किती जनांचं त्वांड सरळ झालंय!" हे मध्ये उभे, आईकडं बघू की बायकोकडं. पिंकी दारात, डोळे मोठे करून. शेजारच्या कांबळेवहिनी गडबड ऐकून आलेल्या. आणि या भांडणात भावजींची गोणीवरची पकड सुटली.

कबुतर उडालं ते थेट माळ्यावर. तिथून ट्यूबलाइटवर. भावजी स्टुलावर, हे बादली घेऊन, कशाला ते त्यांनाच माहीत, आत्या "पंखा बंद करा, पंखा बंद करा, मरंल ते!" म्हणून ओरडतायत. ज्याचं रक्त काढायला आणलं त्याला पंखा लागू नये म्हणून! मला इतकं हसू आलं की मी पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि भिंतीकडं तोंड करून बसले.

संध्याकाळपर्यंत ते माळ्यावरनं उतरलं नाही. आत्यांनीच शेवटी मूठभर ज्वारी नि वाटीत पाणी ठेवलं. घरात आलंय, उपाशी कसं ठेवायचं म्हणाल्या. सकाळी भावजींना हुकूम झाला, "जिथनं आनलंस थितंच सोड. घर चुकंल त्याचं." भावजी पुन्हा गोणीशी बोलत बोलत दाणाबाजारात गेले. इलाजाचं पुन्हा नाव निघालं नाही.

पण कांबळेवहिनींनी मला पदरात हसताना बघितलं होतं. त्या मूळच्या कोकणातल्या, सरकारी कचेरीत क्लार्क, बोलणं फटकळ. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तिथल्या लायब्ररीतलं एक पुस्तक घेऊन आल्या. "हे घे. विनोदी नटी आहे, तिनं स्वतःबद्दल लिहिलंय."

मला रागच आला. "वहिनी, माझ्या तोंडाकडं बघून तुम्हाला विनोदी नटी आठवली?"

"हो," त्या म्हणाल्या. "वाच आधी, मग भांड."

ती बाई

पुस्तकाचं नाव सांगत बसत नाही. तुम्हाला तेच लागेल असं नाही, ज्यानं हसू येईल ते चालेल. पण त्या बाईनं मला काय दिलं ते सांगते.

ती दिसायला माझ्यापेक्षा बरी नव्हती, असं तिनंच लिहिलंय. दात पुढं, रंग काळा. बघायला पाहुणे आले तेव्हा ही स्वयंपाकघरात होणाऱ्या सासूच्या चहा भुरकण्याची नक्कल करत होती, आणि ती सासू पाणी मागायला हिच्या मागंच येऊन उभी! लग्न मोडलं. हिची आई हिच्याशी बोलायची बंद झाली, पण त्याच दुपारी हिनं आईला पिठाच्या डब्याआड एकटीच हसताना पकडलं. वाचता वाचता मला माझी आईच दिसली.

मग नाटकाचे दौरे. तान्हं पोर बरोबर, त्याला कपड्यांच्या पेटाऱ्यात झोपवायचं. एकदा ही रंगमंचावर म्हाताऱ्या कुमारिकेचं काम करतेय आणि विंगेतून पोर रडायला लागलं. हिनं समोरच्या नटाला सांगितलं, "शेजारणीचं आहे हो, तिला काडीची अक्कल नाही," आणि आत गेली, पोराला अंगावर घेतलं आणि उरलेला प्रवेश पडद्याआडून ओरडून पुरा केला. लोकांना वाटलं, नाटकातच आहे. टाळ्या पडल्या.

अगं बाई, मी मोरीत जाऊन कडी लावून हसले. पिंकी बाहेर होती ना. एका डोळ्यातून पाणी गळतंय, चिकटपट्टी सुटलीय, आणि मी बादलीला धरून हसतेय. पण एक सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा मला माझं तोंड आठवलं नाही.

बाकावर

वाशीच्या मोठ्या हॉस्पिटलात मला चेहऱ्याला करंट द्यायला बोलवायचे. मुंग्या चावल्यासारखं होतं, घाबरू नका. खरा वैताग असतो तो बाकावर नंबर यायची वाट बघण्याचा. सगळे आपापलं मोडकं अंग घेऊन बसलेले, मी पदराच्या आत. पुस्तकही पदराच्या आत.

शेजारी इथल्याच गावातली एक आगरी मावशी बसायची. तिचा खांदा आखडलेला. मी आतल्या आत हसत होते तर म्हणाली, "कं वाचतेस गो? मोठ्यानं वाच, आमी पन आयकतो."

मी खूण केली, तोंड असं आहे.

"तुजा तोंड वाकरा, माजा हात वाकरा. वाच तू."

मग वाचलं. प, फ, ब, म सगळे सांडत होते, 'बाई' म्हटलं की भलतंच काहीतरी बाहेर पडायचं. पेटाऱ्यातलं पोर रडतं तिथवर आले, आणि मावशी आपला चांगला हात मांडीवर आपटून अशी हसली की पलीकडचा कमरेच्या पट्ट्यातला माणूस कण्हत कण्हत हसायला लागला. आतून मॅडम आल्या. व्यायाम शिकवणाऱ्या, तरुण, केरळच्या, कडक. मला वाटलं, आता बाहेर काढतात. तर म्हणाल्या, "कोण वाचतंय? तुम्ही? घरी पण असंच वाचायचं, मोठ्यानं. आणि व्यायामाला आरशासमोर बसता ना?"

आरशासमोर मी बसत होते, पण दार लावून. तसं काही मी त्यांना सांगितलं नाही. नंबर आला म्हणून उठले तेव्हा कळलं, पदर केव्हाचा खांद्यावर होता.

मनी

पुस्तकात पुढं एक गोष्ट होती. हिचा मुलगा थोडा मोठा झाल्यावर हिच्या मेकअपला भ्यायचा. आत जायची ती आई, बाहेर यायची बोळकी म्हातारी, की हा किंकाळ्या फोडायचा. मग एक दिवस हिनं त्याला मांडीवर घेतलं, रंगाची कांडी त्याच्या हातात दिली आणि म्हणाली, आज तू मला म्हातारी कर. त्यानं हिच्या गालावर रेघोट्या मारल्या. त्यानंतर ती म्हातारी त्याची झाली.

हे वाचून मी पुस्तक मिटलं. दुपारची वेळ होती, आत्या अंगणात तांदूळ निवडत बसलेल्या. मी आरसा भिंतीवरून काढला, मांडीवर घेतला, आणि दार उघडंच ठेवलं.

"पिंके, इकडं ये. मनीचं तोंड कसं करायचं ते मी विसरले. शिकव बरं मला."

ती दारात फरशीकडं बघत उभी राहिली. "मला नाही येत."

"येतं. माझ्याबरोबर तूच करायचीस की."

बऱ्याच वेळानं आली. उभ्या उभ्याच हळूच गाल वर केले, नाक आखडलं. मी केलं. "असं नाही," ती म्हणाली. पुन्हा केलं. "असं नाही गं! मांजर अशी नसते!" आणि राग येऊन तिनं आपली दोन बोटं माझ्या डाव्या गालावर ठेवली आणि वर ढकलला. "ही बाजू ऐकतच नाही."

"नाही ऐकत. तू सांग तिला."

तिनं असा चिमटा काढला की मी ओरडले. ती लगेच मागं सरली. "दुखलं?"

"तू ओढलंस म्हणून. एरवी काही दुखत नाही."

"मग ती रडते कशाला?"

"कोण रडतंय?" तिनं पुढं येऊन फ्रॉकच्या टोकानं माझ्या डाव्या डोळ्याखालचं पाणी पुसलं. "ही बाजू सारखी रडते. तू भात भरवतेस तेव्हा पण रडते. मी बघितलं की जास्त रडते. म्हणून मी बघत नाही."

देवा रे. एवढे दिवस मी समजत होते, माझं लेकरू मला भितंय. आणि हे एवढंसं पोर डोळे मिटून बसत होतं, ते आईला आणखी रडू येऊ नये म्हणून.

मी कसंबसं म्हटलं, "अगं सोन्या, ते रडणं नाही. डोळा मिटत नाही, म्हणून पाणी गळतं."

"नळासारखं?"

"आपल्या मोरीतल्या नळासारखं. वायसर गेलाय."

तिनं विचार केला. "पप्पांना सांग ना, नवीन आणतील."

मग मात्र मी रडले. तिनं वाकून माझे दोन्ही डोळे तपासले, आधी उजवा, मग डावा. "आता?"

"आता खरंच रडतेय."

"हां," ती म्हणाली, आणि माझ्या मांडीवरचा आरसा बाजूला ढकलून स्वतः तिथं बसली.

त्या संध्याकाळी तिनं डोळे उघडे ठेवून भात खाल्ला. मनीच्या घासाला मी केलेलं तोंड बघून म्हणाली, ही दुसऱ्या गल्लीतली मनी आहे, हिला कुत्र्यानं धरलं होतं. मी हसले. पदर कुठं होता कुणास ठाऊक.

राहिलं ते

पुढं रोज शाळा भरायची. पिंकी बाई, मी ढ विद्यार्थीण. रात्री जेवल्यावर हे गालाला तेल चोळायचे, पोत्यांनी खरखरीत झालेला हात, पण इतका हलका की कधी कधी लागायचाच नाही. एके दिवशी ओठाचा कोपरा जरासा थरथरला. पिंकीनं आधी बघितला आणि आत्यांना हाका मारत पळाली. नंतर डोळा मिटायला लागला, चहाची नळी सुटली, 'म' आला. पुस्तकाची मुदत संपून गेली तरी वहिनींनी ते मागितलं नाही. ऑफिसातल्या साहेबांना त्यांनी काय सांगितलं ते मला ठाऊक नाही.

सगळं मात्र परत आलं नाही. मॅडमनी सांगितलं, नस जुळताना कधी कधी थोडी चुकते. मी मनापासून हसले की माझा डावा डोळा आपोआप मिटतो. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याला मी एकदा काही हसण्यासारखं बोलले, तर तो बिचारा लाजून आत निघून गेला. तेव्हापासून परक्या माणसांसमोर मी जरा जपूनच हसायची.

पिंकी पहिलीत गेली होती. एका दुपारी ती वर्गातल्या दोन मैत्रिणींना घेऊन आली आणि त्यांना स्वयंपाकघराच्या दारात ओळीनं उभं केलं. मला वाटलं, पाणी पाहिजे असेल.

"आई, हस ना."

"का गं?"

"हस ना. यांना दाखवायचंय."

मी पदराला हात घातला. म्हटलं, असं उगाच कसं हसू? तर तिनं कमरेवर हात ठेवला, मान वाकडी केली आणि वर्गातल्या बाई हजेरी घेताना कशा जांभई देतात ते करून दाखवलं. मला कुठं आवरतंय! हातातलं लाटणं खाली पडलं. डोळा मिटलाच.

पोरी बघतच राहिल्या. त्यातल्या एकीनं करून बघितलं, तर तिचे दोन्ही डोळे मिटले. तिनं एका डोळ्यावर बोट दाबून पुन्हा करून बघितलं. मग पिंकीला म्हणाली, "मला पण शिकव ना."

"तुला नाही येणार," पिंकी म्हणाली. "ते फक्त माझ्या आईलाच येतं."